दर ओंडक्याला एक 'आणि'

राउमाच्या गोदीत एकतीस वर्षं
मी जहाजांच्या पोटात शिरून पत्रे ठोकले.
कान तिथेच कुठेतरी राहिले,
बहुधा एखाद्या फेरीबोटीच्या तळाशी,
अजून स्टॉकहोमच्या खेपा करत असतील.

आता ओना नावाची पोरगी, नातीच्या वयाची,
कानामागे करडी शेंग बसवते.
हा प्रोग्राम घरातला, म्हणते, हा गर्दीतला,
आणि हा चर्चमधला, तिथे फरशीखालून तार फिरवलीय,
पाद्री थेट तुमच्या डोक्यात बोलेल.
(बोलला. इतकी वर्षं मला वाटत होतं
तो काहीतरी महत्त्वाचं सांगतोय.)

तपकिरी चिकटपट्टी सोलून सेल मिनिटभर हवेत धरायचा,
त्याला श्वास घेऊ द्यायचा.
टीव्हीची डबी वेगळी, फोनची जोडणी वेगळी.
वाऱ्याचा आवाज कापतं, बशीवरच्या चमच्याचा नाही.
कुणाला मिठी मारली की शीळ घालतं.
कानामागून आली अन् तिखट झाली, म्हणतात ती हीच.

शेवटी ओनाने एक बिल्ला दिला,
अर्ध्या काडेपेटीएवढा माइक.
"हा हिल्काबाईंच्या कॉलरला. वीस मीटर चालेल."
हिल्काने तो लावून घेतला
परक्याच्या लग्नात फूल लावून घ्यावं तसा.

आमच्या घरात वाक्यं कधीच आखूड झालीत.
आधी तिने गोष्टी गाळल्या, मग कारणं,
मग क्रियापदं.
"दूध संपलंय, सायमीकडून येताना आणते" याचं
"दूध नाही" झालं,
पुढे नुसतं "दूध",
आणि रिकामा डबा माझ्या नाकासमोर हलवणं.
मला वाटायचं, वयानं बायका अबोल होतात.

नोव्हेंबरातला मंगळवार. चारलाच अंधारलं.
ती लाकडांच्या शेडमध्ये गेली, माइक काढायला विसरली.
मी खिडकीशी, शब्दकोडं घेऊन.
आणि कानात हिल्का सुरू झाली:

"...सायमी म्हणते कुंपण तिचं, असू दे बाई तुझं,
पण ती झुडपं आईने लावली, ज्या वर्षी मेपर्यंत बर्फ होता
आणि वडील होडीसकट परत आले नाहीत,
म्हणजे आले, पण दोन दिवसांनी,
आणि आईने काही विचारलंच नाही, सूप गरम केलं फक्त,
तर त्या झुडपांची मुळं काही सायमीची नाहीत..."

दर ओंडक्याला एक 'आणि'.
कुऱ्हाड पडेल तिथे स्वल्पविराम.
नाचाच्या मांडवात ह्याच पोरीने
एका हरवलेल्या बुटाची गोष्ट
तीन गाणी संपेपर्यंत लांबवली होती.
तेव्हा मला घाई नव्हती.

रिमोट टेबलावरच होता.
चोरून ऐकणं पाप, हे पाद्र्याने
परवाच सांगितलेलं, अगदी स्पष्ट.
मी बटणाकडे कानाडोळा केला.

दार उघडलं. बूट आपटले. लाकडं कोसळली.
समोर येऊन, नेहमीसारखं तोंड मोठं उघडून, म्हणाली:
"कॉफी?"

मी म्हटलं, "तुझे वडील दोन दिवस कुठे होते?"

तिचा हात कॉलरकडे गेला.
हिरवा दिवा.

चार दिवस बिल्ला साखरेच्या डब्यामागे पडून.
"दार." "मीठ." "झोप."
शनिवारी सौना. यंत्रं बाहेर, वाळवणाच्या बरणीत,
आत मी ठार बहिरा.
वाफेत तिचे ओठ हलत होते. बराच वेळ.
मी मान डोलावत राहिलो, बहुतेक चुकीच्या जागी,
कारण मध्येच तिने मला बर्चच्या डहाळीनं
नेहमीपेक्षा जरा जोरात फटकावलं.

रविवारी ती शेडकडे गेली.
साखरेच्या डब्यामागे मी पाहिलं नाही.
कानात खरखर, लोकर घासल्याची.
मग कुऱ्हाड.
मग:
"तर, ते दोन दिवस..."